दुरा म्हणजे ज्वारी

मार्गशीर्ष संपत आला की दौलताबादच्या रस्त्याला शेतांच्या तोंडाशी कापडी फलक लागतात. हुरडा पार्टी, झोके, बैलगाडीची सफर, वांग्याचं भरीत. रविवारी तिथं मोटारींची रांग लागते. शहरातही हुरडा आता पाकिटात मिळतो. परवा क्रांती चौकातून येताना मी एक पाकीट घेतलं, घरी आणून कढईत परतलं, वरून मीठ भुरभुरलं. दाणे कोवळे होते, हिरवेगार होते, गोडही होते. पण त्यांना धूर लागलेला नव्हता, आणि धुराशिवायचा हुरडा तोंडात घातला की कुणाच्या तरी घरी जाऊन उंबऱ्यावरूनच परत आल्यासारखं वाटतं.

पहिल्या घासाला इख्लास आठवली. दर हिवाळ्यात आठवते. इतक्या वर्षांत माझ्या घरी किती माणसं जेवली, मी किती घरी जेवले; पण कुणी पहिल्यांदा एखादा पदार्थ तोंडात घालतंय आणि त्याचा चेहरा बघत आपण ताटकळतोय, हा अनुभव मला खऱ्या अर्थानं एकाच हिवाळ्यात आला.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि आम्ही बेगमपुऱ्यात राहत होतो. विद्यापीठ तिथून पायी जाण्याइतकं. त्यामुळं रस्त्यानं देशोदेशीचे विद्यार्थी दिसायचे. येमेनचे, सुदानचे, इराणचे. बहुतेक मुलगेच. मुलगी क्वचित. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या जैनबखाला एका सकाळी अशीच एक क्वचित दिसणारी मुलगी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. मुलगी उंच, सडसडीत, अंगावर पांढरं लांबच लांब वस्त्र गुंडाळलेलं. आई आधी त्या वस्त्राकडंच बघत राहिली.

"लुगडंच की हे!" ती म्हणाली.

"भाभी, बच्ची परदेस की हय. सुदान की. यहाँ पढने आई," खाला म्हणाल्या. "मेरा घर तो भरा पडा. तुमची वरची खोली खालीच हाय ना?"

वरची खोली रिकामी होती हे खरं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झाल्यापासून तिथं गाद्या आणि पापडाचे डबे राहत होते. आईची अडचण वेगळीच होती.

"पण ही खाती काय?"

"जो हम खाते वोइच."

"तुमचं आन् आमचं कुठं सारखंय, जैनबबी?"

खाला हसल्या. "गोश्त मेरे घर कू आके खाएगी. बाकी का तुम देखो."

एवढ्यावर ठरलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पाटबंधारे खात्यात होते. ते संध्याकाळी घरी आले तेव्हा इख्लासच्या सामानातला चहाचा डबा जिन्यावर ठेवलेला होता. अण्णांनी चष्मा चढवला आणि डब्यावरचा अरबी मजकूर मोठ्यानं वाचायला लागले. इख्लास वरून धावत खाली आली. तिला वाटलं, या घरात अरबी बोलणारं कुणी आहे! अण्णा पोलीस ॲक्शनच्या आधी देवगाव रंगारीच्या शाळेत पहिली-दुसरी उर्दूत शिकलेले. अक्षरं ओळखायचे, पण शब्दांचा अर्थ लागत नव्हता. "वाचता येतंय, कळत नाय," ते ओशाळून म्हणाले. इख्लासला त्यांचं बोलणं कळलं नाही. पण अण्णांनी डब्यावरचा एक शब्द पुन्हा वाचला आणि तिनं त्यांचा उच्चार सुधारून दिला. तिचा आमच्या घरातला पहिला धडा तो. शिकायला आलेली मुलगी पहिल्या दिवशी शिकवूनच गेली.

ती वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करायला आली होती. नील नदीच्या काठच्या वद मदनी गावाजवळची. तिथं तिच्या वडिलांची कालव्याच्या पाण्यावरची शेती. मी तेव्हा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, त्यामुळं आमचं दोघींचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत जमलं. आई तिच्याशी सरळ मराठीतच बोलायची. आणि गंमत म्हणजे आईचं तिला माझ्या इंग्रजीपेक्षा लवकर कळायला लागलं. आईच्या बोलण्यात साबण यायचा, दुकान यायचं, खुर्ची यायची, मैदान यायचं. प्रत्येक शब्दाला इख्लास चमकून बघायची, आपला शब्द ह्या बाईच्या तोंडी कसा, म्हणून. मग दोघी बोट दाखवून शब्द मोजायला लागायच्या. आईला वाटायचं हे आपले शब्द हिनं घेतले. तिला वाटायचं आपले यांनी. भांडण कधी झालं नाही, कारण दोघींनाही दुसरीचं म्हणणं नीट सांगता येत नव्हतं.

पण जेवणाचं काही केल्या जमेना.

सुरुवातीला आम्हाला वाटलं तिखट सोसत नसेल. तसं नव्हतं. खालांकडचा मटणाचा झणझणीत नान-खलिया ती मिटक्या मारत खाऊन यायची. आईचा ठेचा एकदा तिनं बोटानं चाटला, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा चाटला. दौलताबादचे पेरू तर ती दप्तरात घेऊन फिरायची. तरीही आठवड्या-आठवड्याला ती वाळत चालली. सकाळी पाव आणि खूप साखरेचा चहा, संध्याकाळी तेच. आईनं वरण-भात पाठवावा, तिनं अर्धा खाऊन ताट स्वच्छ घासून परत आणावं. एकदा मी विचारलं, तेव्हा ती बराच वेळ शब्द शोधत बसली. मग म्हणाली, पोट भरतं गं, पण जेवल्यासारखं वाटत नाही.

हे वाक्य मी आईला सांगितलं. लग्न होऊन आई पहिल्यांदा शहरात आली तेव्हा तिचंही असंच झालं होतं म्हणे. सासरी गव्हाची पोळी. चांगली मऊसूत पोळी. ती जेवायची आणि उपाशी राहायची.

दरम्यान भेंडीचा प्रकार घडला. आई भेंडी करताना ती पुसून, वाळवून, चिरून, झाकण न घालता इतकी परतायची की तिच्यात तार म्हणून राहू नये. इख्लासनं ती खाल्ली आणि तिला ओळखूच आली नाही. मी चिरलेला तुकडा दाखवला तशी ती ओरडली, "बामिया!" मग तिनं हातवारे करून सांगितलं की तिच्या घरी भेंडी वाळवून कुटतात, तिचं कालवण करतात, आणि ते चमच्यातून असं लांबच लांब तुटत न तुटत खाली यायला पाहिजे. जितकी तार, तितकी करणारी हुशार. आईनं कपाळाला हात लावला. "आगं बाई, जलमभर जे घालवत आले, तेच हिला पाहिजे!" त्या दिवशी आई इतकी हसली की अण्णा बाहेरून विचारत आले, काय झालं.

दिवाळी झाल्यावर मामांनी गावाकडून ज्वारीचं पोतं पाठवलं. आई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. इख्लास विद्यापीठातून आली, चपला काढता काढता थांबली आणि तशीच एका पायात चप्पल घालून पोत्यापाशी गेली. तिनं मनगटापर्यंत हात आत घातला. मूठभर दाणे वर काढले, नाकाशी नेले.

"दुरा," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "दुरा!"

"ज्वारी," आई म्हणाली.

"दुरा!"

"बरं बाई, दुरा," आई म्हणाली. "खाती का?"

ती खाणारच होती. ती त्यावरच वाढली होती. तिच्या देशात याच धान्याचं पीठ आंबवून त्याची कागदासारखी पातळ घडी करतात, तिला किसरा म्हणतात. आम्हा दोघींच्या मुलखांमध्ये एवढा मोठा समुद्र, आणि दोन्हीकडच्या चुलीवर हेच एक धान्य, हे त्या दिवसापर्यंत तिला माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तिनं त्याचं लॅटिन नाव पाठ केलेलं होतं. मीही केलेलं होतं. पण पुस्तकातलं नाव आणि पोत्यातलं धान्य यांची गाठ कधी पडली नव्हती.

त्या संध्याकाळी ती आईच्या शेजारी पाटावर बसून दोन भाकरी जेवली. भाकरी तिला जाड वाटली, आणि काहीतरी राहून गेल्यासारखी. "आंबट नाही," ती मला म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं पीठ मागून घेतलं, पाण्यात कालवून झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर स्वयंपाकघरभर तो वास. मी नाक मुरडलं. आई मात्र वाकून वास घेत म्हणाली, "ही तर आंबिलीची जात." मग इख्लासनं आमचा सगळ्यात मोठा तवा चुलीवर ठेवला, त्याला तेलाचं बोट पुसलं, पातळ पीठ ओतलं आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यानं ते सरसर पसरवलं. पहिली फाटली. दुसरी चिकटली. तिसरी मात्र अलगद सुटून आली, पलीकडचा उजेड दिसावा अशी. आईनं ती हातावर घेतली, उलटीपालटी केली, एक तुकडा शेंगदाण्याच्या चटणीला लावून खाल्ला. आम्ही तिच्या तोंडाकडं बघत उभ्या.

"चांगलीय," आई म्हणाली. "पर दात काय करायचे मग?"

इख्लासची तब्येत सुधारली. ते सांगायलाही नको. माणूस परक्या गावात कधी रुजतं, हे मी पुढं अनेकदा पाहिलं. माझा मुलगा शिकायला बाहेर गेला तेव्हाही पाहिलं. नवं काय काय खाल्लं हे तो उत्साहानं सांगायचा, आणि मी मनात म्हणायची, नव्याचं राहू दे, त्या नव्यात तुला ओळखीचं काय सापडलं ते सांग. ते सापडेपर्यंत माणूस पाहुणाच असतो.

आता इख्लास कैरोत असते. तिच्या देशात लढाई पेटली, वद मदनीही सुटलं नाही, आणि मुलाबाळांना घेऊन ती बाहेर पडली. बरेच महिने तिचा फोन लागत नव्हता. मग एक दिवस तिचा आवाज आला, तोच खणखणीत. तिथं ती लहान मुलांना शिकवते. नवं गाव, नव्या गल्ल्या, पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी विचारलं, कसं चाललंय? ती म्हणाली, परक्या गावात राहायची मला सवय आहे, तुमच्याकडं शिकले. काही कौतुकं घशाखाली उतरत नाहीत.

इख्लास आमच्याकडं होती त्याच हिवाळ्यात, थंडी चांगली पडलेली असताना, सकाळी आमचा फोन वाजला. दूरच्या फोनची ती लांब खरखर. मी इख्लासला हाक मारली. ती जिन्यावरून आली, रिसीव्हर कानाला लावला, ऐकलं, दोन-तीन शब्द बोलली आणि फोन ठेवला. "माझे वडील गेले," असं तिनं मला इंग्रजीत सांगितलं. काल दुपारी गेले, संध्याकाळी मातीही झाली. भावानं सांगितलं, तू निघू नकोस, येऊन काही बघायला मिळणार नाही. एवढं सांगून ती वर गेली, दप्तर घेतलं आणि प्रयोगशाळेत निघून गेली. आम्ही दारात उभे. कुणाला तिला अडवायचं सुचलं नाही.

संध्याकाळी ती परत आली, अंगणात बसून कपडे धुतले. रडली नाही. दोरीवर कपडे वाळत घालून खाली आली आणि मला म्हणाली, "मी जाते परत. शिक्षण पुरे." आवाज अगदी साधा होता.

आईनं ते ऐकलं. ती स्वयंपाकघरात गेली. कणीक मळायला घेतलेली परात तिनं तशीच झाकून बाजूला सारली आणि बाहेर येऊन अण्णांना म्हणाली, "आज आपल्या घरी चूल पेटणार नाय."

अण्णा गोंधळले. "आगं, पण आपल्या घरातलं कोण गेलंय?"

"तिचं गेलंय ना? आन् ती कुठं राहती?"

अण्णांनी यावर वाद घातला नाही. ते उठून कोपऱ्यावरच्या जैनबखालांना सांगायला गेले. थोड्या वेळानं खाला खिचडीचं पातेलं घेऊन आल्या. इख्लासला जवळ घेऊन बसल्या, ओंजळ पसरून गेलेल्यासाठी फातिहा म्हणाल्या. इख्लासनंही ओंजळ पसरली. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, डोळे कोरडे होते. आईनं तोवर देवगावला, आपल्या माहेरी, मामांच्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप पोचवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा-मामी एसटीनं आले. मामीच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि डब्यात पिठलं. आमच्याकडं घरात कुणी गेलं की सोयऱ्याधायऱ्यांनी असं जेवण आणायचं आणि दुःखातल्या माणसाला पहिला घास आपल्या हातानं भरवायचा, याला कडू घास म्हणतात. पिठलं कडू नसतं. मामीनं इख्लासला आधी कधी बघितलंही नव्हतं. ती सरळ तिच्यासमोर बसली, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला.

इख्लासनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं हे काय आहे ते. ती म्हणाली, आमच्याकडंही घरोघरून मोठ्या थाळ्या येतात, शेजारीच सगळ्यांना जेवू घालतात. माझ्या घरी आता तसंच चाललं असेल. मी इथं कुणाच्या थाळीतलं खाणार, असं काल मनात आलं होतं.

आणि तिनं तोंड उघडून तो घास घेतला.

तरी रडली नाही. वर जाऊन तिनं बॅग काढली. मामा पायरीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी बॅगेचा आवाज ऐकला, आईकडं बघितलं आणि म्हणाले, "हुरडा आलाय. चार दिवस पोरीला घेऊन चला गावाकडं. मग जाऊ दे कुठं जायचं ते."

देवगावचं मामांचं शेत गावापासून आत. डोक्याइतकी शाळू ज्वारी उभी, कणसं दुधात आलेली. सकाळचं ऊन कोवळं आणि वाऱ्याला धार. मामांनी बांधाशेजारी खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या, विस्तवावर कणसं टाकली. ती तडतडायला लागली की काठीनं परतायची, मग गरम कणीस तळहातांत चोळून दाणे सुपात पाडायचे. मामी लसणाची चटणी, तिळाची चटणी आणि गुळाचा खडा घेऊन बसलेली. इख्लासनं मूठभर दाणे तोंडात टाकले आणि तिच्या भुवया वर गेल्या. ज्वारीवर वाढलेल्या मुलीनं ज्वारी अशी कधी खाल्ली नव्हती. तिच्याकडं धान्य वाळल्यावर, खुडल्यावर, मळल्यावरच घरात येतं. हिरवं दूध भरलेलं, धुरानं माखलेलं, हातातच चोळलेलं हे दुरा तिला नवं होतं.

मामांना तिच्या शेतीची उत्सुकता. ते त्यांच्या हिंदीत विचारायचे, ती तिच्या हिंदीत सांगायची, अडलं की मी मध्ये.

"तुमारे उधर पेरनी कब?"

"बारिश में."

"पाणी कशाचं?"

"नील. कालवा."

"पाखरं येतात का? राखण कोण करतं?"

ती आता उत्साहानं सांगायला लागली. पाखरांचे थवेच्या थवे येतात. अब्बा खुद जाते हैं. सकाळी जाते हैं, डबा पीटते हैं, चिल्लाते हैं. इतना जोर से चिल्लाते हैं की घर तक...

ती थांबली. विस्तवावर कणीस तडकलं. ती उठली आणि उभ्या ज्वारीत शिरली. ताटं तिच्या मागं मिटली. थोडा वेळ नुसती पानांची सळसळ, मग आतून एक लांब हाक आल्यासारखा आवाज आला, आणि मग ती रडायला लागली. मी असं रडणं त्याआधी ऐकलं नव्हतं. मोकळ्या गळ्याचं, नाव घेऊन घेऊन, शेताच्या पार टोकापर्यंत जाणारं. पलीकडच्या रानातली माणसं उभी राहून बघायला लागली. मी उठले तर आईनं माझा हात धरून खाली बसवलं.

"तिला एकटी राहू दे," आई म्हणाली.

मामा कणसं भाजत राहिले. भाजलेली कणसं गार होऊ नयेत म्हणून मामीनं ती फडक्यात गुंडाळून ठेवली. ऊन बांधावरून खाली सरकलं. बऱ्याच वेळानं ताटं हलली आणि इख्लास बाहेर आली. पांढऱ्या वस्त्राला पानांचा कचरा चिकटलेला, हातांवर पात्यांचे ओरखडे. ती मामांसमोर येऊन बसली.

मामांनी तिच्या सुपात दाणे टाकले. "तुमारे बाप की ज्वारी अब काटने कू आई होगी."

तिनं मान हलवली.

"कौन काटेगा?"

"भाई."

"बाकी काम कौन देखेगा?"

"भाई. चाचा."

"फिर तुम जाके क्या करोगी, बाई?"

इख्लास विचारात पडली. प्रश्न तिनं खरोखरच मनावर घेतला होता.

"रोऊंगी," ती म्हणाली.

मामांनी एक गरम कणीस विस्तवातून ओढलं, तळहातावर थोपटून राख झटकली.

"वो तो हो गया ना इधरच," ते म्हणाले.

इख्लास त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं धरली.